अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध (१७७५–१७८३) हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा ब्रिटिश वसाहतींनी ग्रेट ब्रिटनच्या सत्तेविरुद्ध लढलेले युद्ध होय. या युद्धातून अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे स्वतंत्र राष्ट्र अस्तित्वात आले. बंड करणारे बहुसंख्य वसाहतवासी स्वतः ब्रिटिश राजाचे प्रजाजन व युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे आरंभी हा लढा परकीय सत्ता हटवण्यासाठी नव्हता, तर इंग्रज प्रजाजन म्हणून मिळणारे हक्क टिकवण्यासाठी होता. स्वातंत्र्याची मागणी पुढे आली ती प्रत्यक्ष युद्ध सुरू होऊन वर्षभराहून अधिक काळ लोटल्यानंतर.

पार्श्वभूमी

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली कायमची वसाहत १६०७ मध्ये जेम्सटाउन येथे स्थापन झाली. पुढील सव्वाशे वर्षांत वसाहतींची संख्या तेरा झाली. बहुतेक वसाहतींचे गव्हर्नर राजाने नेमलेले असत. परंतु स्थानिक कर ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळांकडे होता. लंडनचे लक्ष दूर असल्याने या विधिमंडळांना स्वशासनाची सवय जडली.

सप्तवार्षिक युद्धात (१७५६–१७६३) ब्रिटनने फ्रान्सचा पराभव करून कॅनडा मिळवला. मात्र या विजयामुळे ब्रिटनवर कर्जाचा मोठा बोजा पडला आणि अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याचा खर्चही वाढला. त्याचा काही भाग वसाहतींनी उचलावा, असे पार्लमेंटचे मत झाले. फ्रेंचांची भीती नाहीशी झाल्याने वसाहतींना ब्रिटिश संरक्षणाची निकड मात्र पूर्वीइतकी वाटेनाशी झाली. १७६३ च्या राजाज्ञेने अ‍ॅपलेशियन पर्वताच्या पश्चिमेस वसती करण्यास मनाई केल्यामुळे जमिनीच्या शोधात असलेले लोकही नाराज झाले.

करांचा वाद

१७६५ च्या मुद्रांक कायद्याने वृत्तपत्रे, कायदेशीर दस्तऐवज, एवढेच नव्हे तर पत्त्यांच्या जोडांवरही कर बसवण्यात आला. पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नसल्याने तिला आपल्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही, असा वसाहतींचा युक्तिवाद होता. ब्रिटिश मालावरील बहिष्कारानंतर १७६६ मध्ये हा कायदा रद्द झाला. पण वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने त्याच वेळी जाहीर केला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद व चहा यांवर जकात बसली. बोस्टनमध्ये ५ मार्च १७७० रोजी सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी चहा वगळता इतर वस्तूंवरील जकात उठवण्यात आली.

१७७३ च्या चहा कायद्याने आर्थिक अडचणीत सापडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, तरीही विरोध वाढला. स्वस्त चहा घेणे म्हणजे पार्लमेंटचा कर मान्य करणे, असे विरोधकांना वाटले. शिवाय स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरातील तीन जहाजांवरील चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या. ब्रिटनने १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्वशासनावर कठोर निर्बंध घातले. शिक्षा एका वसाहतीला झाली, पण धास्ती सर्वांना वाटली. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फिया येथे पहिल्या खंडीय काँग्रेससाठी एकत्र आले.

युद्धाचा आरंभ व स्वातंत्र्याची घोषणा

१९ एप्रिल १७७५ रोजी वसाहतवाद्यांचा शस्त्रसाठा जप्त करण्यासाठी निघालेल्या ब्रिटिश तुकडीची लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे स्थानिक नागरी सैनिकांशी चकमक झाली. जूनमध्ये काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टन यांना सरसेनापती नेमले. तरीही जुलैमध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे समेटाचा अर्ज पाठवण्यात आला. राजाने तो स्वीकारला नाही व ऑगस्टमध्ये वसाहतींनी बंड केल्याचे जाहीर केले.

जानेवारी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने साध्या भाषेत राजसत्तेवरच हल्ला चढवला व स्वातंत्र्याचा विचार सामान्य लोकांपर्यंत नेला. काँग्रेसने २ जुलै रोजी स्वातंत्र्याचा ठराव केला व ४ जुलै १७७६ रोजी प्रामुख्याने टॉमस जेफरसन यांनी लिहिलेला जाहीरनामा स्वीकारला. सर्व माणसे समान आहेत आणि शासनाला अधिकार मिळतो तो शासितांच्या संमतीने, ही या जाहीरनाम्याची मुख्य तत्त्वे होत.

युद्धाचा प्रवाह

१७७६ मध्ये वॉशिंग्टन यांना न्यूयॉर्क सोडावे लागले. त्यांच्या सैन्याला पगार, कपडे व अन्न यांची सतत टंचाई होती. मात्र ब्रिटिशांना शहरे जिंकता आली, तरी विस्तीर्ण प्रदेश ताब्यात ठेवता आला नाही. आपले सैन्य नष्ट होऊ न देणे हेच वॉशिंग्टन यांच्या युद्धनीतीचे सूत्र ठरले. २६ डिसेंबर १७७६ रोजी ट्रेंटन येथे मिळालेल्या विजयाने खचलेल्या सैन्याला उभारी दिली.

१७ ऑक्टोबर १७७७ रोजी सॅराटोगा येथे जनरल बर्गॉइन याने शरणागती पत्करली. त्यानंतर फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी करार केला. पुढे स्पेन व नेदरलँड्स हे देशही ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरले. १७८१ मध्ये फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचे मुख रोखले, तर जमिनीवरून अमेरिकन व फ्रेंच सैन्याने यॉर्कटाउनला वेढा घातला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसचे सैन्य शरण आले. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने ब्रिटनने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले व मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश नव्या राष्ट्राकडे गेला.

भारताशी संबंध

फ्रान्स युद्धात उतरताच संघर्ष भारतातही पोहोचला. १७७८ मध्ये ब्रिटिशांनी पाँडिचेरी घेतले. त्याआधी १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच प्रतिनिधी पुणे दरबारात आला होता. नाना फडणवीसांनी त्याचे स्वागत केल्याने इंग्रजांचा संशय बळावला. त्या काळात पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. यॉर्कटाउनचा पराभूत सेनानी कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये भारताचा गव्हर्नर जनरल झाला. बंगालमधील कायमधारा पद्धती त्याच्याच काळात लागू झाली.

स्वातंत्र्याच्या मर्यादा

वसाहतींच्या सुमारे २५ लाख लोकसंख्येपैकी जवळपास एक पंचमांश लोक गुलाम होते. जेफरसन व वॉशिंग्टन हे दोघेही गुलामांचे मालक होते. उलट, व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने १७७५ मध्ये बंडखोर मालकांना सोडून ब्रिटिश सैन्यात येणाऱ्या गुलामांना मुक्ततेचे आश्वासन दिले. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्याची वाट ब्रिटिश छावणीकडे जाणारी वाटली. इतर हजारो जण वॉशिंग्टन यांच्या बाजूने लढले. युद्धानंतर सुमारे ३,००० कृष्णवर्णीय ब्रिटिश जहाजांतून नोव्हा स्कोशियाला गेले. मूळ रहिवाशांच्या इरोक्वॉय संघात या युद्धाने फूट पडली. पॅरिसच्या तहात मूळ रहिवाशांना स्थान नव्हते. त्यांची भूमी मात्र त्या तहाने अमेरिकेच्या हद्दीत गेली. राजाशी निष्ठा राखणाऱ्या हजारो वसाहतवाद्यांनाही देश सोडावा लागला.

परिणाम

१७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. युद्धखर्चाने फ्रान्सचा खजिना रिता झाला व १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांत त्याची भर पडली. गुलामगिरी मात्र अमेरिकेत १८६५ पर्यंत कायदेशीरपणे टिकून राहिली. ती नष्ट करू पाहणाऱ्यांनी पुढे १७७६ च्या जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाचाच आधार घेतला.