कीटकभक्षी झाडं घरी जगवायचीत? आधी पाणी बदला

हौसेने आणलेलं व्हीनस फ्लायट्रॅप दोन महिन्यांत काळं पडलं, तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा आणि मातीचा असतो. ही झाडं मूळची नापीक, पाणथळ जमिनीतली. तिथं नत्र-स्फुरद मिळत नाही म्हणून ती किडे पकडतात. म्हणजे किडा हे त्यांचं जेवण नव्हे, खत आहे. जेवण ती इतर झाडांसारखं उन्हातच तयार करतात.

पाणी : बोअरचं, नळाचं किंवा बाटलीबंद मिनरल वॉटर नको. त्यातले क्षार कुंडीत साचतात आणि मुळं जळतात. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी उत्तम. आरओचं पाणी असेल तर टीडीएस मीटरवर ५० च्या खाली आहे ना, ते बघा. पावसाळ्यात छपराचं पहिलं पाणी वाहू द्या, मग कॅन भरून ठेवा. फ्लायट्रॅप आणि दवबिंदूची (ड्रोसेरा) कुंडी एक-दोन सेंटिमीटर पाण्याच्या ताटलीत ठेवावी. घटपर्णीला मात्र साचलेलं पाणी चालत नाही.

माती : शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यातलं काहीच नको. पीट मॉस आणि परलाइट समप्रमाणात घ्या. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून न धुता वापरू नका. कुंडी प्लास्टिकची बरी.

ऊन : फ्लायट्रॅपला रोज चार ते सहा तास थेट ऊन लागतं. ग्वाल्हेर, हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी बांधा.

किडे : झाड बाहेर असेल तर ते स्वतःच पकडतं. चिकन, पनीर घालाल तर सापळा कुजतो. गंमत म्हणून बोट लावू नका. आतल्या केसांना सुमारे २० सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो, आणि असा थोड्याच वेळा मिटून तो निकामी होतो.

कुठे काय लावाल? : फ्लायट्रॅप अमेरिकेच्या कॅरोलिना भागातलं, त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने थंड विश्रांती हवी. इंदूर, ग्वाल्हेरची थंडी त्याला मानवते. पानं कमी झाली म्हणून तेव्हा झाड फेकू नका. दमट गोव्यात नर्सरीतली संकरित घटपर्णी सोपी. मेघालयातली घटपर्णी ही भारतातली एकमेव रानटी जात असून ती दुर्मिळ आहे.

सड्यावरून उपटू नका : चोर्ला घाट आणि कासच्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात. दोन्ही कीटकभक्षीच. तिथले बहुतेक दवबिंदू एका हंगामाचे असतात. बी टाकून मरतात, त्याच बियांतून पुढच्या पावसात पुन्हा उगवतात. फुलावरचं रोप उपटलं तर ते कुंडीत जगत नाही आणि सड्यावरचं पुढच्या वर्षीचं बीही जातं. फोटो काढा, रोप मात्र नर्सरीतूनच घ्या.