गाडी टायर ‘खाते’ म्हणजे नेमकं काय होतं? नवे टायर टाकण्याआधी हे वाचा

गणपतीला गावी जायचं म्हणून तुम्ही आदल्या दिवशी गाडी घेऊन हवा भरायला जाता. पुढच्या डाव्या टायरमध्ये खिळा घुसलेला असतो. पंक्चरवाला चाक काढतो, फिरवून बघतो आणि म्हणतो, “साहेब, पंक्चरचं राहू द्या, आधी हे बघा.”

टायरची बाहेरची बाजू मस्त. नक्षी शाबूत. पण आतली बाजू, जी गाडीखाली असते, ती पार गुळगुळीत. एका ठिकाणी तर रबराखालची तार डोकावतेय. टायर टाकून जेमतेम दीड वर्ष झालंय, गाडी २२ हजार किलोमीटर चाललीय.

“गाडी टायर खातेय तुमची,” एवढं बोलून तो नव्या टायरचे भाव सांगायला लागतो.

आता इथे बहुतेक लोक काय करतात? टायरच्या कंपनीला शिव्या घालतात, दोन नवे टायर टाकतात आणि मोकळे होतात. दीड वर्षाने पुन्हा तेच. कारण टायर एकाच बाजूने झिजत असेल तर बऱ्याचदा टायर बिचारा चांगला असतो, आजार गाडीला असतो. तो आजार तसाच ठेवून टायर बदलला की नवा टायरही त्याच बाजूने जातो.

छोट्या गाडीचा टायर नीट वापरला तर साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर चालायला हरकत नसते. रस्ता, वजन, चालवण्याची पद्धत यावर आकडा पुढे-मागे होतो. पण २० हजारांतच टायर संपला तर काहीतरी गडबड आहे हे नक्की.

पुढचेच टायर आधी का जातात?

वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन, टियागो अशा आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये इंजिन पुढे असतं आणि इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना मिळते. म्हणजे पुढच्या टायरने गाडी ओढायची, वळवायची, इंजिनाचं वजन पेलायचं आणि ब्रेक मारला की सगळा भारही आपल्यावरच घ्यायचा. मागचे टायर त्या मानाने आरामात असतात. त्यामुळे पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजले तर घाबरायचं कारण नाही. त्यावर साधा उपाय आहे, तो पुढे सांगतो.

घाबरायचं कधी? जेव्हा एकाच टायरची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असते तेव्हा.

टायर वाचता येतो

यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही. गाडी सपाट जागेवर लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा आणि खाली उतरा. आता पुढच्या टायरची आतली कड वाकून न बघताही दिसते. मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढून ठेवलात तर आणखी चांगलं, दोन महिन्यांनी तुलना करता येते.

दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला पट्टा चांगला आहे, तर टायरमध्ये हवा कमी असते. हवा कमी पडली की टायर मधून आत दबतो आणि सगळा भार कडांवर येतो. उलट मधला पट्टा झिजलाय आणि कडा चांगल्या आहेत, तर हवा जास्त. टायर फुगून मधोमध टेकतो.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर संशय अलाइनमेंटवर किंवा सस्पेन्शनच्या एखाद्या पार्टवर. रोज घाटातून ये-जा करणाऱ्यांच्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा वळणांमुळेही जास्त झिजतात, तेवढं लक्षात घ्या.

टायरवर ठरावीक अंतराने खड्डे पडल्यासारखे उंचवटे-खोलगे जाणवत असतील, तर बहुतेक वेळा शॉकअप थकलेला असतो किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं असतं. शॉकअप बाद झाला की चाक रस्त्यावर सलग टेकत नाही, उड्या मारत चालतं. जिथे आपटतं तिथे रबर जातं. आणि एकाच जागी चपटा डाग दिसला, तर कधीतरी करकचून ब्रेक लागला होता.

आता हाताचा उपयोग करा. तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं, तर समजायचं की टायर सरळ फिरत नाहीये, थोडा तिरका घासला जातोय. ही खूण डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागते. (तार बाहेर आली असेल तर मात्र हात लावू नका, कापतं.)

पाव अंशाचा घोळ

तिरकं घासणं म्हणजे काय ते समजायला पायांचे चवडे थोडे आत वळवून चार पावलं चाला. तुम्ही पुढे जाता, पण चप्पल प्रत्येक पावलाला बाजूला घासते. चाकांचंही असंच होतं. वरून पाहिलं तर दोन्ही पुढची चाकं जवळपास समांतर असावी लागतात. ती पुढच्या टोकाला आत किंवा बाहेर किती वळलीत, त्या कोनाला टो म्हणतात. समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की डोक्याकडून आत-बाहेर कललंय, तो कोन म्हणजे कॅम्बर. टायर खाण्याच्या बाबतीत जास्त वाईट टो असतो.

किती वाईट? समजा एक चाक हवं त्यापेक्षा फक्त पाव अंश तिरकं आहे. डोळ्यांना हे दिसणं शक्य नाही. पण साधं भूमितीचं गणित केलं तर असं चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर बाजूला ओढलं जातं. हजार किलोमीटरमध्ये झाले ४.४ किलोमीटर. म्हणजे तुमचा टायर दर हजार किलोमीटरमागे चार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर डांबरावर आडवा घासला जातोय. टायर उरणार कुठून?

हा पाव अंश येतो कुठून? पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, धाडकन चाक आत जातं. डिव्हायडरच्या कडेला किंवा फुटपाथला चाक आपटतं. त्या एका दणक्यात टाय रॉड किंचित वाकू शकतो. किंवा दणका एक नसतो, वर्षभर रोजचे स्पीडब्रेकर आणि खड्डे असतात. त्यात लोअर आर्मचे रबरी बुश फाटतात, बॉल जॉइंट ढिला होतो आणि चाक चालताना स्वतःची जागा सोडायला लागतं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. “गाडी सरळ जातेय, एका बाजूला खेचत नाही, म्हणजे अलाइनमेंट ओके.” तसं नसतं. दोन्ही पुढची चाकं सारखीच बाहेर वळलेली असतील, तर एकाचा जोर दुसरा मारतो आणि गाडी अगदी सरळ जाते. दोन्ही टायरच्या आतल्या कडा मात्र गुपचूप घासल्या जात असतात. आपल्याला कळतं ते थेट पंक्चरवाल्याकडे.

अलाइनमेंटला गेल्यावर काय बघायचं?

मशिनवर गाडी चढवली की स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे येतात. लाल म्हणजे मर्यादेबाहेर, हिरवं म्हणजे ठीक. करण्याआधीचे आणि केल्यानंतरचे आकडे असलेली प्रिंट मागून घ्या. ती मागायला लाजायचं काही कारण नाही, पैसे त्याचेच देतोय आपण.

पण मशिनच्या आधी एक काम व्हायला हवं, जे घाईत राहून जातं. गाडी जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने हलवून बघणं. बुश, टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट ढिला असेल तर मशिनवर हिरवे आलेले आकडे रस्त्यावरच्या दोन खड्ड्यांत पुन्हा लाल होतात. ज्यांना दर दोन-तीन महिन्यांनी अलाइनमेंट करावी लागते, त्यांची खरी अडचण बहुतेक वेळा इथे असते. आधी पार्ट, मग अलाइनमेंट. उलटं केलं तर पैसे पाण्यात.

दुसरी गोष्ट कॅम्बरची. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये कंपनीने पुढच्या चाकांचा फक्त टो बदलायची सोय दिलेली असते. कॅम्बर बदलायला तिथे नट-बोल्टच नसतो. मागच्या चाकांचंही तसंच, कारण दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमला जोडलेली असतात. मग अशा गाडीचा कॅम्बर लाल आला तर त्याचा अर्थ काय? काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट दाबून, वाकवून आकडा हिरव्यात आणून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. माझं मत विचाराल तर, “कुठला पार्ट वाकलाय ते आधी दाखवा” असं म्हणावं. उत्तर मिळेपर्यंत हो म्हणू नये.

आणि हो, बॅलन्सिंग वेगळं, अलाइनमेंट वेगळी. ८०-१००च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर ते बहुधा बॅलन्सिंगचं काम, रिमला छोटी वजनं लावून होतं. त्याने टो सुधारत नाही.

हवा: फुकट आहे, म्हणून दुर्लक्षित आहे

पेट्रोल पंपावर हवा मोफत देणं बंधनकारक आहे, तरी महिनोन्‌महिने ती कोणी बघत नाही. पंपावरच्या मुलाने “किती भरू?” विचारलं की आपण “तीस-बत्तीस” म्हणतो आणि विषय संपतो. खरा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर बाजूच्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, दोघं बसणार असतील तर एक आणि गाडी भरून जाणार असेल तर दुसरा. टायरवर लिहिलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा कमी होते. त्यामुळे महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघायची. वीस-तीस किलोमीटर चालवून गेलात तर टायर तापून आकडा वाढलेला दिसतो. नायट्रोजनचं विचाराल, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. भरलात तर नुकसान नाही, पण वाकडी झीज त्याने थांबत नाही.

चाकांची अदलाबदल आणि नवे टायर कुठे?

पुढचे टायर लवकर जातात त्यावरचा साधा उपाय हाच. दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची जागा बदलायची. पुढे इंजिन असलेल्या आपल्या गाड्यांमध्ये पुढची दोन्ही चाकं सरळ मागे जातात आणि मागची पुढे येताना डावी-उजवी होतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. स्टेपनीही बाकीच्या चार चाकांच्याच मापाची असेल तरच तिला या फेऱ्यात घ्यायचं. हल्ली बऱ्याच गाड्यांत ती छोटी येते.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे पुढे टाकायची आपल्याकडे सवय आहे. टायर कंपन्या मात्र नवे टायर मागे टाकायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर सटकले तर गाडी वळणाबाहेर सरळ जायला लागते, आपल्याला ते कळतं आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो. मागचे सटकले तर गाडी स्वतःभोवती फिरते. ते सावरणं आपल्यातल्या बहुतेकांना जमणारं नाही.

बदलायचाच कधी?

टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसला की त्याच रेषेत खाचेत बघा. टायर झिजत त्या उंचवट्याच्या पातळीवर आला म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या ९४व्या नियमाप्रमाणे कारसाठी हीच किमान मर्यादा आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर असते. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. त्या उथळ झाल्या की पावसात टायर रस्त्याऐवजी पाण्याच्या थरावर तरंगतो आणि त्या क्षणी ब्रेकही चालत नाही, स्टिअरिंगही नाही.

वाकड्या झिजेचा धोका हा की हे मोजमाप आपण दिसणाऱ्या बाजूला करतो. बाहेर चार मिलिमीटर, आत शून्य. असा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर कारच्या १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत तासन्‌तास पळवलं, तर आतल्या कडेला तापून फुटायला तो तयारच असतो. तार दिसली असेल तर ‘एवढी ट्रिप काढू’ हा पर्याय उरत नाही. स्टेपनी लावा आणि टायर बदला.

कमी चालणाऱ्या गाडीचं दुखणं निराळं. नक्षी भरपूर असते, पण रबर म्हातारं होऊन कडक पडतं, त्याला बारीक भेगा जातात. टायरच्या कडेला डॉट या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालाय. नवा टायर घेतानाही हेच चार आकडे दुकानात, बिल करायच्या आधी बघायचे. पाच-सहा वर्षं झालेला टायर एकदा जाणकाराला दाखवून घ्या. आणि डिकीतल्या स्टेपनीचेही तेच चार आकडे वाचा, कारण गाडी घेतल्यापासून ती बऱ्याचदा बाहेर निघालेलीच नसते.