सॉफ्टवेअर पुरवठादारांच्या दूरस्थ डेस्कटॉप प्रवेशाची सुरक्षा

दूरस्थ डेस्कटॉप प्रवेश म्हणजे एका ठिकाणचा संगणक दुसऱ्या ठिकाणाहून, त्याचा पडदा पाहत व त्याचा कळफलक आणि माउस चालवत, नेटवर्कद्वारे हाताळण्याची सोय होय. सॉफ्टवेअर पुरवठादार ही सोय आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर आज्ञावली बसविणे, दुरुस्ती करणे आणि नवी आवृत्ती चढविणे यांसाठी वापरतात. असा प्रवेश ग्राहकाच्या संगणकावर जवळजवळ पूर्ण ताबा देतो. त्यामुळे तो कोणाला, केव्हा, किती काळ व किती अधिकारांसह द्यावा, याचे नियमन हा संगणक सुरक्षेचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल (आरडीपी) उपलब्ध करून दिला. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून तो सामान्य कार्यालयीन संगणकांवर आला. आरडीपी मूलतः ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. विंडोजच्या 'होम' आवृत्त्यांमध्ये संगणक आरडीपीने बाहेरून चालविण्याची सोय नसते. त्यामुळे लहान व्यवसायांत टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर यांसारख्या स्वतंत्र आज्ञावलींचा वापर रूढ झाला. या आज्ञावलींत ग्राहक आपल्या पडद्यावरील क्रमांक व संकेतशब्द पुरवठादाराला कळवितो आणि जोडणी होते.

तालुक्याच्या ठिकाणी होणारा वापर

अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव आहे. अशा गावांतील अडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे, जिनिंग कारखाने, औषध दुकाने व पतसंस्था यांचे हिशेब संगणकावर ठेवले जाऊ लागले. मात्र आज्ञावली पुरविणारा व्यवसाय बहुधा अमरावती, नागपूर किंवा पुणे येथे असतो. किरकोळ बिघाडासाठी माणूस पाठविणे परवडत नसल्याने दूरस्थ प्रवेश हाच दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग ठरतो.

वऱ्हाडात सोयाबीन व कापसाची आवक दिवाळीच्या सुमारास वाढते. या दिवसांत संगणक बंद पडल्यास काटापट्टी, हिशेबपट्टी व शेतकऱ्यांचे चुकारे खोळंबतात. त्यामुळे बिघाड लवकर दूर व्हावा म्हणून पुरवठादाराला कायमस्वरूपी संकेतशब्द देऊन ठेवण्याकडे कल असतो. सोयीसाठी उघडी ठेवलेली हीच वाट धोक्याची ठरते.

पतसंस्थांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ठेव विमा व पत हमी महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण बँकांतील ठेवींना मिळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या पतसंस्थांतील ठेवींना ते लागू नाही. पतसंस्थेच्या नोंदी नष्ट झाल्यास किंवा त्यांत फेरफार झाल्यास त्याची झळ थेट ठेवीदारांना बसू शकते.

धोक्यांचे स्वरूप

पहिला धोका इंटरनेटवर थेट उघड्या ठेवलेल्या आरडीपी पोर्टचा असतो. हल्लेखोर स्वयंचलित साधनांनी अशी पोर्ट शोधतात आणि सोपे संकेतशब्द एकामागून एक लावून पाहतात. प्रवेश मिळताच बॅकअप पुसून, उरलेल्या फाइल कूटबद्ध करून खंडणी मागितली जाते. मे २०१९ मध्ये उघड झालेली 'ब्ल्यूकीप' ही त्रुटी संकेतशब्दाशिवायही ताबा मिळवू देणारी होती. तिचे गांभीर्य ओळखून मायक्रोसॉफ्टने, पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

दुसरा धोका सामाईक संकेतशब्दाचा आहे. पुरवठादाराने सर्व ग्राहकांकडे एकच संकेतशब्द ठेवला असेल, तर तो एका ठिकाणी फुटताच सर्व ग्राहक उघडे पडतात. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाकडेही तो राहतो आणि कोणते काम कोणी केले, हे नोंदींवरून ठरविता येत नाही.

तिसरा धोका तोतयेगिरीचा आहे. पुरवठादाराचा किंवा बँकेचा माणूस असल्याचे भासवून दूरप्रवेशाची आज्ञावली बसवायला लावली जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते.

उल्लेखनीय घटना

२०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या विक्री साखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोरांनी आत शिरण्यासाठी शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराची प्रवेशओळख वापरली होती.

२ जुलै २०२१ रोजी कासेया या कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापन आज्ञावलीतील त्रुटीचा फायदा घेऊन खंडणीखोर आज्ञावली पसरविण्यात आली. तिचा फटका कासेयाच्या थेट ग्राहकांपुरता न राहता, ते ज्यांना सेवा देत होते अशा शेकडो लहान व्यवसायांना बसला. स्वीडनमधील कूप या सहकारी साखळीला आपली बहुसंख्य किराणा दुकाने काही काळ बंद ठेवावी लागली.

भारतात जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकिंग तंत्रसेवा पुरवठादारावर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने या कंपनीची यंत्रणा आपल्या जाळ्यापासून तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या देयक सेवा खंडित झाल्या. ही घटना दूरस्थ डेस्कटॉपच्या गैरवापराची नसली, तरी अनेक लहान संस्था एकाच पुरवठादारावर किती अवलंबून असतात, हे तिच्यातून दिसून आले.

सुरक्षेचे उपाय

- आरडीपी पोर्ट इंटरनेटवर थेट उघडे न ठेवणे; प्रवेश व्हीपीएन किंवा मध्यस्थ गेटवेमार्फत देणे. केवळ पोर्टचा क्रमांक बदलणे पुरेसे नसते.
- प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र ओळख देणे व द्विस्तरीय प्रमाणीकरण सक्तीचे करणे.
- ग्राहकाने संमती दिल्यावरच जोडणी होईल अशी रचना ठेवणे आणि काम संपताच प्रवेश बंद करणे.
- प्रशासकाचे अधिकार आवश्यक तेवढ्याच वेळेसाठी देणे.
- प्रत्येक जोडणीची वेळ, तंत्रज्ञ व केलेले काम यांची नोंद ठेवणे.
- पुरवठादाराने स्वतः फोन केल्यास, त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करणे.
- बॅकअपची किमान एक प्रत संगणकापासून व नेटवर्कपासून विलग ठेवणे आणि ती पुन्हा चढविता येते का, हे अधूनमधून तपासणे.

यांपैकी शेवटचे उपाय खर्चिक नाहीत. रोजचे काम संपल्यावर बॅकअप घेऊन काढून ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क, बाकी सर्व उपाय फसल्यावरही हिशेब वाचवू शकते.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश केल्यास नुकसानभरपाई देय ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार शिक्षा होऊ शकते. 'सर्ट-इन' या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासह ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे व प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी १९ ऑक्टोबर २०१८ रोजी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला श्रेणीनिहाय स्वरूप दिले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहकांची माहिती पुरवठादाराने हाताळली, तरी तिच्या संरक्षणाची जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

सायबर मार्गाने आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.