गोंगाटाची साथ आणि हिमयुगांचा ताल (थ्रेड)

१/ नागपूरच्या दक्षिणेला असलेली बुटीबोरी आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. मात्र तिच्या जवळच्या टाकळघाट आणि खापा या गावांनी विदर्भाचा एक प्राचीन अध्याय जपला आहे. १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले.

२/ टाकळघाटला वस्तीचे, तर खापा येथे शिलावर्तुळांतील दफनांचे अवशेष मिळाले. लोखंडाच्या वस्तू आणि घोड्यांचा साज वापरणारा हा समाज सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

३/ शेती, स्थिर वस्ती, लोखंड, लिपी हे सारे ज्या उबदार कालखंडात घडले, तो होलोसीन अवघ्या ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. समुद्राची पातळी तेव्हा आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि कोकणचा किनारा बराच पश्चिमेला सरकलेला होता.

४/ गेल्या सुमारे ८ लाख वर्षांत अशी मोठी हिमयुगे साधारण १ लाख वर्षांच्या अंतराने येत राहिली. हा ताल कोण धरतो? सर्बियाचे मिलुटिन मिलँकोविच यांनी उत्तर आकाशात शोधले. पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि अक्षाचा कल सावकाश बदलतो, त्यासोबत ऊनही बदलते.

५/ १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांना समुद्रतळाच्या गाळात हीच आवर्तने सापडली. पण एक अडचण उरली. कक्षेच्या आकाराचे आवर्तन सुमारे १ लाख वर्षांचे असले, तरी त्यामुळे वर्षभराच्या एकूण उन्हात पडणारा फरक जेमतेम ०.१ टक्का. एवढ्याशा धक्क्याने हिमयुग कसे येईल?

६/ १९८१ मध्ये इटलीतील रॉबेर्तो बेन्झी, अल्फोन्सो सुतेरा आणि अँजेलो व्हुल्पियानी यांनी एक चकित करणारी कल्पना मांडली. बेल्जियममध्ये कॅथरीन निकोलिस स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेल्या. पुढे २०२१ चे नोबेल मिळवणारे जॉर्जिओ पारिसीही बेन्झींच्या या कामात सहभागी झाले. कल्पनेचे नाव स्टोकॅस्टिक रेझोनन्स.

७/ शेजारी शेजारी दोन खळगे आणि मध्ये उंचवटा, अशी जमीन डोळ्यांपुढे आणावी. एक खळगा शीत हवामानाचा, दुसरा उबदार. गोटी म्हणजे पृथ्वीचे हवामान. कक्षेतील बदल जमीन किंचित इकडे, किंचित तिकडे कलवतो. पण तेवढ्याने गोटी उंचवटा ओलांडत नाही.

८/ आता जमीन सतत थरथरते असे मानावे. ही थरथर म्हणजे वर्षावर्षाच्या हवामानातील बेभरवशाचे चढउतार, म्हणजेच गोंगाट. थरथर फार कमी असेल तर गोटी जागची हलत नाही. फार जास्त असेल तर ती वाटेल तेव्हा उड्या मारते. दोन्ही स्थितींत ताल नाही.

९/ मधली एक मात्रा मात्र अशी असते, की उंचवटा ओलांडण्यासाठी सरासरी जितका काळ लागतो, तो कलण्याच्या अर्ध्या आवर्तनाशी, येथे सुमारे ५०,००० वर्षांशी, जुळतो. मग कल आणि उड्या एका लयीत येतात. गोंगाटामुळेच क्षीण संकेत ठळक होतो. यासाठी मध्ये उंबरठा हवा. कारण आणि परिणाम सरळ प्रमाणात असलेल्या रेषीय व्यवस्थेत गोंगाट संकेताला असे बळ देत नाही.

१०/ १९८३ मध्ये फ्रान्समध्ये फोव्ह आणि हेस्लो यांनी श्मिट ट्रिगर या साध्या इलेक्ट्रॉनिक मंडलात हा परिणाम दाखवला. १९८८ मध्ये तो लेसरमध्ये दिसला. १९९३ मध्ये फ्रँक मॉस आणि सहकाऱ्यांनी क्रेफिशच्या, म्हणजे शेवंडीच्या गोड्या पाण्यातील भाऊबंदाच्या, स्पर्शकेसांवर तो मोजला. पाण्याच्या मंद हालचालीला योग्य गोंगाटाची जोड मिळाली, की त्याच्या चेतापेशी तिची अधिक नेमकी दखल घेत.

११/ २००३ मध्ये संशोधकांनी बुटांतील सुकतळ्यांना जाणवणारही नाही अशी अनियमित कंपने दिली. त्यांवर उभ्या राहिलेल्या वृद्धांचा तोल अधिक स्थिर राहिला. तळपायांच्या मंदावलेल्या संवेदनेला गोंगाटाने उंबरठ्यापार नेले.

१२/ आणि हिमयुगे? सुमारे १० लाख वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा ताल ४१,००० वर्षांचा होता. तो पुढे का बदलला, यावर आजही वाद आहे. बहुतेक अभ्यासक आता हिमस्तरांची वाढ आणि घसरण, कार्बन डायऑक्साइड आणि महासागर यांवर अधिक भर देतात. १९८१ चे उत्तर त्या प्रश्नापुरते मागे पडले. क्रेफिशच्या केसापासून वृद्धांच्या पावलांपर्यंत मात्र ते खरे ठरले.