फुलकोबी : मराठवाड्याच्या ताटातील दोनशे वर्षांची पाहुणी

१/ हिवाळ्यात नांदेड-लातूरकडच्या आठवडी बाजारात फुलकोबीचे पांढरेशुभ्र ढीग लागतात. ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्यातील फ्लॉवर-बटाटा हे जेवण इतके अंगवळणी पडले आहे, की ही भाजी येथे पूर्वापार असावी असे वाटते. प्रत्यक्षात भारतातच तिचे वय जेमतेम दोनशे वर्षे आहे. ती 'रोजची' कशी झाली, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/ तिचा प्रवास तिच्या नावांतच दडलेला आहे. 'कोबी' हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला. 'फ्लॉवर' हे इंग्रजी 'कॉलिफ्लॉवर'चे शेपूट. मराठवाड्यात अनेकांच्या तोंडी 'फुलगोबी' आहे. निजामी राजवटीत दख्खनी-उर्दूच्या शेजारी वाढलेल्या बोलीची ती खूण.

३/ उद्यानविद्येच्या ग्रंथांतील नोंदीनुसार १८२२ मध्ये इंग्लंडहून फुलकोबीचे बियाणे आले आणि सहारनपूरच्या कंपनी बागेत तिची लागवड झाली. अडचण हवामानाची होती. आपण खातो तो गड्डा म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचा दाट पुंजका. थंडी पुरेशी नसेल, तर युरोपीय वाणांचा गड्डा नीट धरतच नाही.

४/ यावरचा तोडगा उत्तर भारतातील बागायतदारांनी शोधला. उकाड्यातही जी झाडे गड्डा धरत, त्यांचेच बी ते दरवर्षी राखून ठेवत. हे काम अनेक पिढ्या चालले. त्यांतून घडलेल्या देशी वाणांत इंग्लंडमधील कॉर्नवॉल भागातील जुन्या प्रकारांचा वारसा प्रामुख्याने आढळतो. १९२९ मध्ये सटन कंपनीने 'अर्ली पाटणा', 'अर्ली बनारस' या नावांनी असे वाण विक्रीस आणले. वाणांना शहरांची नावे मिळाली. ते घडवणारे हात मात्र निनावी राहिले.

५/ पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा कातकी', 'पुसा दीपाली' यांसारखे लवकर येणारे वाण दिले. लवकरचे देशी वाण २० ते २७ अंश तापमानातही गड्डा धरतात. उशिराच्या 'स्नोबॉल' गटाला १० ते १६ अंशांचा गारवा लागतो. त्यामुळे दक्खनच्या उबदार हिवाळ्यालाही ही भाजी मानवली.

६/ तरी मराठवाड्यात केवळ वाण पुरेसा नव्हता. येथील बहुतांश शेती जिरायत. अंबाडी, चुका, तांदूळजा थोड्या ओलाव्यावरही येतात. फुलकोबीला मात्र नियमित पाणी लागते. म्हणून ती आधी विहिरीच्या मळ्यात रुजते. पुढे येलदरी-सिद्धेश्वर आणि इसापूर या धरणांच्या कालव्यांनी नांदेडच्या शिवारात बागायत वाढवली, तशी अशा पिकांनाही जागा झाली.

७/ फुलकोबीच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणीच असते. हा आकडा लातूरच्या संदर्भात वाचून पाहा. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात पिकलेला प्रत्येक गड्डा म्हणजे शेतकऱ्याने विहिरीतून उपसून बाजारात आणलेले पाणी होय. आवक एकदम वाढून भाव कोसळला, की त्या पाण्याचेही मोल बुडते. कारण हा माल फार दिवस टिकत नाही.

८/ मोल केवळ पैशांचे नाही. १०० ग्रॅम कच्च्या फुलकोबीत सुमारे २५ किलोकॅलरी आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. शिजवताना ते काहीसे घटते, म्हणून भाजी बेताने शिजवावी. कॅल्शियम आणि लोह तर गड्ड्यापेक्षा पाल्यात कितीतरी अधिक. तो आपण बहुधा जनावरांपुढे टाकतो. कोवळा पाला चिरून डाळीत घातला, तर त्याच पाण्यावर दुसरी भाजी मिळते.

९/ १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, ही तारीख आपल्याला पाठ असते. ताटातला बदल अशा एका तारखेत मावत नाही. तो वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतो. घरातील आजी-आजोबांना विचारा : आपल्या मळ्यात फुलगोबी पहिल्यांदा कोणी लावली, आणि तिला पाणी कोठून दिले? मिळालेले उत्तर गावाच्या नावासह लिहून ठेवा.