तीन पट्ट्यांचं कुलूप

मंडळी, आपण लोणावळ्यात बसलोय, तेव्हा घाटापासूनच सुरुवात करू. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. रुळांच्या कडेने तारेचे खांब होते, आणि चोरून ऐकायचं तर खांबावर चढून तार जोडावी लागे. मोबाइल १९९५ साली मुंबईत आला, पुढे घाट चढून मावळातही आला. आता खांब चढायची गरजच उरली नाही. बोलणं हवेतच होतं.

म्हणून ते झाकलं जाई. फोन आणि टॉवर, दोघांकडे एकच गुप्त किल्ली. तिच्यापासून दोघंही शून्य-एकची एक लांबलचक माळ तयार करतात आणि ती आवाजाच्या बिटांत मिसळतात. माळ रँडम दिसते, पण असते पक्की हिशेबी. सगळी भिस्त त्या दिसण्यावर!

जीएसएममधल्या ए५/१ या पद्धतीत माळ बनवायला तीन पट्ट्या असतात: १९, २२ आणि २३ बिटांच्या. प्रत्येकीत एक ठरावीक घर. तिन्ही घरांत शून्य जास्त की एक, ते बघायचं. बहुमतातल्या पट्ट्या एक घर सरकणार, अल्पमतातली जागीच थांबणार. कल्पना देखणी आहे, आणि सर्किट इतकं छोटं की बॅटरीला त्याचा भार नाही. पण बेरीज करून बघा: ६४. यंत्राची सगळी अवस्था एवढ्यात मावते. एका क्षणाची अवस्था सापडली की पुढची माळ मिळते, आणि यंत्र उलटं फिरवत किल्लीपर्यंतही जाता येतं. त्यात किल्लीचे १० बिट प्रत्यक्षात शून्यच ठेवलेले निघाले. हे काही चुकून होत नाही, असं आपलं मत. केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी १९९४ मध्येच लिहिलं होतं की ही पद्धत किती दणकट असावी यावरून नाटो देशांच्या गुप्तहेर संस्थांत ऐंशीच्या दशकात जोरदार भांडण झालं होतं.

१९९९ मध्ये मार्क ब्रिसेनो यांनी फोन उलगडून पूर्ण रचना बाहेर काढली. पुढच्याच वर्षी बिर्युकोव्ह, शमीर आणि वॅग्नर यांनी दाखवलं की आधी तक्ते तयार ठेवले तर साधा पीसीही पुरतो. माळेचा तुकडा मिळवायचा कसा? टॉवर काही संदेशांत ठरलेलाच भराव पाठवतो. तो वजा केला की माळ उघडी! डिसेंबर २००९ मध्ये कार्स्टन नोल यांनी बर्लिनमध्ये असे तक्ते सगळ्यांसाठी खुले केल्याचं सांगितलं.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी ओळख सक्तीची केली होती. पुढे ती बहुतेकांना एसएमएसच्या ओटीपीने मिळू लागली, आणि टू-जीवर एसएमएससुद्धा याच माळेखाली जातो. घाटात रेंज पडून फोनवर नुसतं ‘ई’ उरलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. ए५/३ नावाचं बरंच मजबूत कुलूप नंतर आलं खरं. पण कुठलं कुलूप लावायचं ते टॉवर ठरवतो, फोनवाल्याला कुणी विचारत नाही.