कोकणात उतरावे कोठे? किनाऱ्यावरील मुक्कामाचा इतिहास

मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्या गावातील पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. यंदा समुद्र पाहावयाचा, मुलांना वाळूत खेळवावयाचे, जमल्यास एखादे रान, एखादी खाडीही दाखवावयाची. हे सगळे ठरते. मग कोणीतरी विचारतो, "ते सगळे खरे, पण उतरायचे कोठे?" आणि पुढील आठवडाभर हॉटेलांच्या, लॉजांच्या व ओळखीच्या घरांच्या चौकशीत जातो. प्रश्न घरगुती आहे, पण आम्हांस तो इतिहासाचाही वाटतो. परक्या माणसास रात्री छप्पर कोण देतो, कोणास देतो आणि कोणास नाकारतो, हे पाहिले की त्या समाजाची बरीच ओळख पटते. म्हणून आजच्या व्याख्यानात कोकणच्या किनाऱ्यावर माणसे कशी उतरत आली, ते पाहू आणि त्यातून आपल्या निवडीला काही आधार सापडतो का, याचा शोध घेऊ.

'उतरणे' हा शब्दच मोठा बोलका आहे. माणूस घाट उतरतो, होडीतून बंदरावर उतरतो आणि कोणाच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो. कोकणात जाणाऱ्यास ही तिन्ही उतरणी घडत. घाटावरून येणारा नाणेघाट, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून येई, मुंबईकर आगबोटीतून उतरे. आणि दोघांनाही संध्याकाळी कोणाच्या तरी ओटीवर पथारी टाकावी लागे.

या गोष्टीचा फार जुना पुरावा आपल्या जवळच, नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माची यादी तेथे दगडावर नोंदवून ठेवली. त्या यादीत भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी चौसोपी निवासस्थाने बांधल्याचा उल्लेख आहे. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, त्या काळचे नामांकित बंदर. याच लेखात तापी, दमण, डहाणूका इत्यादी नद्यांवर फुकट तरी चालू केल्याचे आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्याचे सांगितले आहे. डहाणूका हे नाव ऐकताच आपल्याला डहाणूचा किनारा आठवतो. उषवदाताने धर्मशाळा एकटी बांधली नाही. तिच्याबरोबर पाणी दिले, बाग दिली आणि नदी ओलांडण्याची सोय दिली. मुक्कामाची जागा म्हणजे केवळ खोली नव्हे, ही समजूत इतकी जुनी आहे. तसेच, ही सारी सोय पुण्य म्हणून केली होती. भाडे नव्हते.

पुढील कित्येक शतके हीच वहिवाट चालली. गावात देऊळ असे, देवळापुढे सभामंडप किंवा धर्मशाळा असे, आणि वाटसरू तेथे पडशी टेकवी. हरिहरेश्वर, गणपतीपुळे यांसारख्या क्षेत्रांत गुरुजींच्या घरी यात्रेकरूंची पाने वाढली जात. आजही हरिहरेश्वरात ही चाल दिसते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानच्या वाटेस लागले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केला. बंडाची हकीकत म्हणून आपण ते पुस्तक वाचतो. पण कोकणातला गरीब भिक्षुक शेकडो कोस दूर जाऊन देवळांत, धर्मशाळांत आणि आपल्या मंडळींच्या घरी कसा निभावून नेत असे, याचाही तो दस्तऐवज आहे. विद्या, जात आणि ओळख हीच त्याची खर्ची होती.

येथे थांबून या चित्राची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. तसे न केल्यास आपण जुन्या आतिथ्याची आरती ओवाळून मोकळे होऊ, आणि तो इतिहास होणार नाही. धर्मशाळेचे दार सर्वांस उघडे नव्हते. ज्या जातीमुळे गोडसे भटजींस ओटी मिळे, त्याच जातिव्यवस्थेमुळे दुसऱ्यास अंगणाबाहेर उभे राहावे लागे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असे तो ठराव सांगत होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी कोकणातच, महाडला, चवदार तळ्याचे पाणी हाती घ्यावे लागले. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. अमेरिका व इंग्लंड येथे शिकून ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. हॉटेलासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टीचा उल्लेख राष्ट्राच्या घटनेत का यावा, याचे उत्तर या इतिहासात आहे. पैसे मोजून खोली घेण्याच्या व्यवहाराला आपण कोरडा म्हणतो. पण ज्यांना ओळखीचे दार बंद होते, त्यांच्यासाठी तो व्यवहार माणुसकीचा ठरला.

इंग्रजी अमलात तिसरा प्रकार आला. मुख्य रस्त्यांवर ठराविक टप्प्यांनी डाकबंगले उभे राहिले. कौलारू छप्पर, रुंद व्हरांडा, खानसामा आणि नोंदवही असा त्यांचा थाट असे. सरकारी कामावरील अंमलदाराचा हक्क पहिला. उरलेली जागा इतरांस. हवा पालटण्यासाठी मात्र इंग्रज समुद्रावर गेला नाही, तो डोंगरावर चढला. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत महाबळेश्वर वसले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान हेरले आणि १९०७ साली तेथे छोटी आगगाडी पोहोचली. तेथे हॉटेले व बंगले झाले. कोकणची किनारपट्टी मात्र तशीच राहिली. उन्हाळ्यात दमट उकाडा, पावसाळ्यात बंदरे बंद; थंडीच्या देशातून आलेल्या माणसाने तेथे सुटी का घालवावी?

आणि मराठी माणूस? तो कोकणात जाई तो 'गावी' जाई. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात घरी परते. आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. पुष्कळ ठिकाणी धक्का नसल्याने भर पाण्यात पडावात उतरावे लागे. हा प्रवास गमतीचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. अशा प्रवासानंतर बंदरावर उतरलेल्यास हॉटेल नको असे, स्वतःचे घर हवे असे. लॉजाची गरज त्याला उलट मुंबईत होती. तेथे एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावी, आळीपाळीने निजावे आणि एखाद्या बाईच्या खानावळीत जेवावे, अशी गिरणगावची रीत होती. कोकणात हॉटेले उशिरा आली याचे मोठे कारण आम्हांस हेच दिसते. ज्याचे तेथे घर नाही, तो तेथे जाईच कशाला, असाच त्या काळचा हिशेब होता.

हा हिशेब गेल्या साठ वर्षांत पालटला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि काही वर्षांतच तेथील किनारे देशोदेशींच्या प्रवाशांस ठाऊक झाले. १९७४ साली आग्वाद किल्ल्याच्या अंगाला मोठे पंचतारांकित हॉटेल उघडले. १९८३ साली राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी तेथे आले. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली येथे त्याची निवासस्थाने झाली. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरापर्यंतचा कोकण रेल्वेमार्ग पूर्णपणे खुला झाला. आता घाटावरच्या आणि मुंबईच्या माणसास, कोकणात घर असो वा नसो, समुद्र एका रात्रीच्या अंतरावर आला.

त्याबरोबर एक नवाच तंटा उभा राहिला. पूर्वीचा वाटसरू गावात उतरे. नव्या प्रवाशास खिडकीतून लाट दिसावयास हवी. म्हणजे घर वाळूवरच हवे. परंतु ती वाळू मोकळी कोठे असते? तेथे कोळ्यांची होडी ओढली जाते, जाळे वाळत घातले जाते, मासळी सुकते. वाळूचा बांध आणि त्यावरची झाडी वादळात गावाचे रक्षण करते. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा राखण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने त्यास कायद्याचे रूप आले. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम वर्ज्य ठरले. २०११ व २०१९ साली हे नियम बदलले आणि काही ठिकाणी सैलही झाले. कायदा सैल झाला तरी समुद्र सैल होत नाही, हे किनाऱ्यावरच्या लोकांस ठाऊक असते.

याच काळात एक वेगळी वाटही पडली. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. ती अंडी पूर्वी लोक काढून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखण्यास सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे धावताना पाहण्यास शहरातून माणसे येऊ लागली. गावात मोठे हॉटेल नव्हते. मग गावकऱ्यांनी आपली पडवी आणि माजघर मोकळे केले; घरच्या बायकांनी घावणे, भाकरी, कुळथाचे पिठले वाढले आणि त्याचे पैसे घरात आले. महामंडळाच्या न्याहरी-निवास योजनेनेही कोकणातील पुष्कळ घरांस हीच वाट दाखविली. ओटीवरचा पाहुणा परत आला. मात्र या वेळी तो पैसे देऊन आला आणि त्याची जात विचारली जाणार नाही, ही घटनेची हमी त्याच्या पाठीशी होती. धर्मशाळेतील आपुलकी आणि हॉटेलातील समता यांचा मेळ बसण्याची शक्यता आम्हांस येथे दिसते. तो प्रत्येक घरी बसला आहे, असे आमचे म्हणणे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उतरावे कोठे? आम्ही नावांची यादी देणार नाही. यादी दर वर्षी शिळी होते. पण चौकशी करताना काय विचारावे, ते या इतिहासातून निघते.

पहिली चौकशी पाण्याची करावी. कोकणात पाऊस धो धो पडतो, परंतु जांभा दगड ते पाणी धरून ठेवीत नाही. एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेमकी आपली सुटी असते तेव्हा, कित्येक गावांच्या विहिरी तळाला जातात. तेथे पोहण्याचा हौद बांधणाऱ्या हॉटेलाचे पाणी कोठून येते, हे विचारणे आगाऊपणाचे नव्हे. सांडपाणी कोठे जाते, हेही त्याबरोबर विचारावे.

दुसरी चौकशी जागेची. घर वाळूवर आहे की गावात? चार पावले चालून समुद्र गाठावा लागला तर आपले काही बिघडत नाही. शिवाय रात्री वाळूवर प्रखर दिवे लावणारी जागा टाळावी. कासवाचे पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. उजेड समुद्राकडे असला तर ते जगते, हॉटेलाकडे असला तर मरते.

तिसरी चौकशी स्वयंपाकाची. भर पावसाळ्यात होड्या नांगरलेल्या असतात. त्या दिवसांत जो यजमान "ताजी सुरमई नाही, सोडे नाहीतर सुका बांगडा करतो" असे सांगतो, तो खरे बोलतो. त्याच्याकडे निर्धास्त उतरावे. भरती-ओहोटी केव्हा, कोठे पाय घसरतो, कोठे पोहू नये, हेही असाच माणूस सांगेल, आणि त्याचे ऐकण्यावर आपल्या मुलांचा जीव अवलंबून असतो.

चौथी चौकशी सर्वांत महत्त्वाची आहे. दिलेले पैसे कोणाच्या घरात जातात, आणि येथे कोणास दार बंद आहे काय? एखाद्या जागी आडनाव ऐकून खोल्या 'भरलेल्या' निघत असतील, तर ती जागा कितीही स्वच्छ व स्वस्त असली तरी आपण तेथे उतरू नये. महाडचे तळे त्या किनाऱ्यापासून फार दूर नाही.

उषवदाताने वाटसरूसाठी छप्पर, पाणी आणि तर दिली, त्याबद्दल पुण्य मागितले. आज ते देणारा पैसे मागतो, आणि ते रास्त आहे. पण घेणाऱ्याकडेही काही देणे राहते. आपण निघाल्यावर मागे किनारा तसाच राहिला पाहिजे, विहिरीत पाणी उरले पाहिजे आणि यजमानास पुढील पाहुण्याची वाट पाहावीशी वाटली पाहिजे. यंदाच्या सुटीचा बेत करताना आपल्यापैकी चार कुटुंबांनी जरी खोलीच्या भाड्याआधी या चार चौकश्या केल्या, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.